बिननंबरची जीप

हनुमान गव्हाणे भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की सांगणाऱ्यानं झाकून ठेवलं. नाव हनुमान, उंची सहा फूट, मिशा अशा की नवख्या माणसानं वाट सोडून बाजूला व्हावं. पण काळीज एवढंसं. गल्लीत कुत्रं भुंकलं की हा मोबाईल कानाला लावायचा आणि "हां साहेब, हां साहेब" करत कुत्रं जाईस्तोवर जागच्या जागी उभा राहायचा. पलीकडं साहेब-बिहेब कुणी नसायचा, हे आता त्या कुत्र्यालासुद्धा कळून चुकलं होतं.

असला माणूस पत्रकार झालाच कसा, असं विचाराल, तर त्याचं असं झालं. गेवराईत तहसीलच्या समोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. आमच्या बीड जिल्ह्यात ज्वारी कधी पिकते, कधी करपते, पण पेपरांचं पीक काही चुकत नाही. त्यातल्याच एका 'दैनिक बाणा'चे संपादक सुंदरराव एकदा आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि जाताना म्हणाले, "तालुका वार्ताहर होतो का? ओळखपत्र देतो." गळ्यात ओळखपत्र असलं की पोलीस गाडी अडवत नाहीत, एवढ्या एका लोभापायी हनुमान हो म्हणाला.

सहा वर्षं त्यानं इमानानं वाढदिवस छापले. सत्कार छापले, निवेदनं छापली. निवेदनाच्या फोटोत कुणाचं नाव राहिलं तर तो घरी भांडायला येईल, म्हणून हा मागून जाणाऱ्या सायकलवाल्याचंसुद्धा नाव विचारून टाकायचा. 'अज्ञात', 'संबंधित' आणि 'अशी चर्चा आहे' हे त्याचे तीन लाडके शब्द. ह्या तीन शब्दांनी सहा वर्षांत कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

आणि मग फाल्गुनात त्याच्या दुकानात मनकर्णाबाई आली.

मनकर्णाबाई मेंढरंवाली. कपाळावर हे मोठं कुंकू, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या वहाणा. गोदावरीच्या पात्रात वाळू उपसून उपसून लोकांनी जे खड्डे पाडलेत, त्यातल्या एका खड्ड्याच्या काठावर तिची मेंढरं पाण्याला गेली, काठ ढासळला आणि अकरा मेंढरं बुडून मेली. ती पंचनाम्याच्या अर्जाची झेरॉक्स काढायला आली होती. तलाठी म्हणे दाद देत नव्हता.

"तू पेपरवाला न्हवं का?" ती म्हणाली. "मग लिही की."

"लिहितो, मावशी. पण तुमचं नाव नको टाकायला. 'एका मेंढपाळ महिलेची' असं लिहू."

"कावून? माझी मेंढरं मेली, माझं नाव टाक. मनकर्णा लिही. मोठ्या अक्षरात लिही."

हनुमान तिच्यासोबत पात्रात गेला. खड्डा बघितला, फुगलेली मेंढरं बघितली, एक कोकरू नुसतंच काठावर ओरडत उभं होतं तेही बघितलं. घरी येऊन त्यानं एका दमात बातमी लिहिली आणि त्यात ना 'अज्ञात' होतं, ना 'चर्चा'. कुणाचे ट्रॅक्टर, तेवढं मात्र लिहायचं धाडस झालं नाही. पण वाळू विजयसिंह बापूंची, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बापू म्हणजे शेदोनशे एकरांचे मालक, दोन कारखान्यांवर वजन, आणि सगळ्या गणपतींचे प्रमुख पाहुणे.

बातमी शुक्रवारी पहिल्या पानावर आली. शनिवारी तलाठी स्वतः मोटारसायकलवर बसून पात्रात गेला आणि पंचनाम्याला सुरुवात झाली. दोन दिवस हनुमान छाती काढून चालला. चहावाल्या रामेश्वरनं त्याला दोन वेळा फुकट चहा पाजला.

सोमवारी दुकानासमोर जीप उभी राहिली.

पांढरी जीप, काचा काळ्या, नंबर मागंही नाही आणि पुढंही नाही. आत चार धटिंगण. सकाळी दहाला आली आणि दुपारी दोनला गेली. चौघांनी मिळून फक्त हनुमानाच्या दुकानाकडं बघितलं. हनुमानानं त्या दिवशी एकाच सातबाऱ्याच्या सदतीस प्रती काढल्या, गिऱ्हाईक दोन मागत होतं.

संध्याकाळी फोन आला.

"गव्हाणे पत्रकार का?"

"हां. कोण बोलतंय?"

"गावातच हायत ना?"

"कावून?"

"काय न्हाई, सहज. पुढल्या मंगळवारी कुठं जायचं न्हाई ना तुमाला?" आणि फोन बंद.

हनुमानाच्या हातातला घास हातातच राहिला. समोर त्याची बायको योगिता भाकरी थापत होती. लग्नाला तीन महिने झाले होते, शेवगेवाडीची पोरगी, हसरी आणि मोठी फटकळ. "कुणाचा व्हता?" तिनं विचारलं. "राँग नंबर," हा म्हणाला आणि पाणी प्यायला.

आता पत्रकार माणूस भ्याला तरी बातमीच्या अंगानंच भिणार. त्यानं नवी वही काढली, वर 'तपास' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि कोण, कुठं, कधी, का, कसं असे पाच प्रश्न मांडले. 'का'च्या पुढं त्यानं लगेच लिहिलं : वाळू. 'कधी'च्या पुढं लिहिलं : मंगळवार. 'कसं'च्या पुढं काही लिहायची त्याची छाती झाली नाही, ती जागा रिकामीच ठेवली.

ती जागा मंगळवारी भरायला लागली. शेजारचा लखन टेलर गळ्यात टेप घालून दुकानात आला. "हनुमानभाऊ, दोघंजण येऊन तुमचं माप नेलं बरं का."

"माझं माप?"

"हां. लग्नातला कोट माझ्याकडंच शिवला न्हवं का तुमी? तेचं वहीत हाय. उंची, छाती, खांदा, समदं लिहून नेलं. म्हणले, मंगळवारच्या आत पायजे."

माप कपड्याला घेतात, हे त्या घटकेला हनुमानाच्या डोक्यातच आलं नाही. उंची कशाला लागते, याचाच तो विचार करत बसला, आणि किती लांब खड्डा खणावा लागेल हे ठरवायला लागते, असं उत्तर मिळाल्यावर त्यानं वहीत 'कसं'च्या पुढं लिहिलं : खड्डा. वाळूत खड्ड्यांना काय तोटा!

बुधवारी दुपारी तो जेवून जरा आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच बोटाला काहीतरी वळवळलं. बघतो तर योगिता त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला लाल दोरा गुंडाळतीय!

"काय करतीस?"

"मुंगी व्हती," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत पळाली. दाराआड जाऊन मोबाईलवर कुणाला तरी हळू आवाजात म्हणाली, "घेतलं गं बाई."

अरे देवा! बायकोसुद्धा फितूर! ज्या बाईच्या हातची भाकरी खातो, तीच बोटाला दोरा बांधून करणी करायला निघाली? त्या दिवसापासून हनुमान भाकरीचा पहिला तुकडा मांजरीला घालायचा आणि घटकाभर तिच्याकडं बघत बसायचा. मांजर चांगली गुटगुटीत झाली.

गुरुवारी त्यानं ठरवलं की असं झुरून मरण्यापेक्षा एकदा जीपच बघायची. वेषांतर केलं. वेषांतर म्हणजे काय, तर डोक्याला उपरणं, तोंडाला मास्क आणि डोळ्याला गॉगल. चौकातून शंभर पावलं चालेस्तोवर पाच जणांनी "काय हनुमानभाऊ, ऊन लागलं का?" म्हणून विचारलं. सहा फुटांचा माणूस आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर, लपणार कुठं? पण जीपमधली चौकडी समोर मिसळ खायला गेली होती. हा खाली वाकला, मागच्या उघड्या फाळक्यातून आत डोकावला, आणि आयुष्यात प्रथमच पत्रकाराला हवे तसे पुरावे त्याच्या डोळ्यांपुढं आले.

एक लांबलचक दावं. काळ्या रंगाचा डबा, वर ब्रश. आणि पोत्यातून बाहेर आलेल्या फाटक्या चपला, वीस-पंचवीस तरी, सुतळीत ओवून केलेला हार.

परमुलखातला माणूस असता तर म्हणाला असता, भंगारवाल्याची जीप दिसतीय. पण हनुमान बीड जिल्ह्याचा पत्रकार. तोंडाला काळं फासलं, चपलांचा हार घातला, भर चौकातून धिंड काढली, हे सगळं त्यानं मोर्चांच्या आणि आंदोलनांच्या बातम्यांत स्वतःच्या हातानं कितीदा लिहिलं होतं. 'संतप्त कार्यकर्त्यांनी' अशी सुरुवात करायची, मग ओळीनं तीनही गोष्टी यायच्या. धिंडीनंतर माणसाचं काय होतं, ते मात्र बातमीत कधी येत नसे. घरी जाऊन त्यानं दाराला आतून कडी लावली, वर अडसर घातला आणि पाटा सरकवून ठेवला.

"योगिता," तो म्हणाला, "ती माणसं माझ्या मागं लागलीत."

योगिता गालात हसली. "आता कळलं व्हय? मला आठ दिस झाले ठाऊक हाय."

"ठाऊक हाय? अन मला बोलली न्हाईस?"

"मला शपथ घातली हाय. अन तुमी तरी एवढं कावून भेताव? पूर्वी तर दरसाल कुणा ना कुणाच्या मागं लागायचेच की ते."

"दरसाल!"

"जास्तीत जास्त काय करतील? तोंड काळं करतील, गावातून मिरवतील, अन देतील सोडून. एक दिवसाचा तर खेळ. माझ्या आत्याच्या मालकाला तर पार झाडावरून उतरवून नेलतं."

हनुमान तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. तीन महिन्यांची नवरी, आणि नवऱ्याच्या धिंडीबद्दल अशी बोलतीय! सासुरवाडीची सगळी माणसं बापूंच्या गटातली असणार, तेव्हाच तर स्थळ इतकं सहज जुळलं. तो उठला, कपाटामागं जाऊन बसला आणि तिथं, मोबाईलच्या उजेडात, त्यानं खुलासा लिहिला.

"गत शुक्रवारच्या अंकातील वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले. सदर मेंढ्या संबंधित महिला मनकर्णा यांच्या निष्काळजीपणामुळे दगावल्याचे समजते. वाळू उपशाशी या घटनेचा कोणताही संबंध नाही. तालुका वार्ताहर, हनुमान गव्हाणे."

सुंदररावांचा लगेच फोन आला. "अरे, फोटो हायेत तुझ्याजवळ. खुलासा कशापायी? कुणी धमकी दिली का?"

"फोन आलता, साहेब."

"काय म्हणला?"

"म्हणला, गावातच हायत ना."

"एवढंच?"

"एवढ्यातच समदं आलं, साहेब," हनुमान म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही कापला की सुंदररावांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनाही बापूंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात दरवर्षी येतच होती.

शनिवारी खुलासा छापून आला. योगितानं वाचला. "हे कावून छापलं? तुमीच तर म्हणलात, खड्डा बघितला."

"तुला ठाऊक न्हाई का कावून?" हा खेकसला. ती पेपर बराच वेळ हातात धरून होती.

दुपारी मनकर्णाबाई दुकानात आली. हातात घडी केलेला पेपर. ती काही ओरडली नाही. पेपर तिनं मशीनवर ठेवला आणि विचारलं, "हे तू लिवलंस?"

हनुमानानं पेपर पालथा घातला.

"माझ्या बंकटनं वाचून दाखवलं. मला वाटलं, पोराला नीट वाचता येत न्हाई. म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेतलं. तलाठी म्हणतोय, पेपरवालाच म्हणतो म्हातारीची चूक, तर मी कशाचा पंचनामा करू? कागद फाडला त्यानं." तिनं पेपर पुन्हा सुलटा केला. "नाव मात्र बरोबर छापलंस हां. मनकर्णा."

हनुमानानं उगाच मशीनचं बटण दाबलं. आत कागद ठेवला नव्हता, त्यामुळं कोऱ्याच प्रती बाहेर यायला लागल्या. तिनं शिवी दिली असती, पायताण काढलं असतं तर सोसवलं असतं. ती नुसती निघून गेली. हनुमानानं मनाला बजावलं की जीव वाचला, मेंढरं काय पुन्हा होतील. पण त्याला लाज वाटली. खूप वाटली.

आणि रविवारी सकाळी दुकान उघडायला गेला, तर जीप जागच्या जागी!

खुलासा छापून झाला, नाक घासून झालं, अन जीप हालत नाही म्हणजे काय? म्हणजे मामला खुलाशाच्या पलीकडं गेला. हनुमान मागच्या मागं वळला, स्टँडवर जाऊन हाती लागेल त्या एस.टी.त चढला आणि बीडला उतरून तिथून कपिलधारला पोचला. देवाच्या दारात कुणी हात लावणार नाही, हा हिशोब. जाताना योगिताला फक्त एवढंच कळवलं की कपिलधारला आहे, कुणाला सांगू नको. बायको फितूर आहे हे माहीत असूनही का कळवलं, तर नवीन लग्न! बायकोला न सांगता गेलो आणि तिनं जिवाला लावून घेतलं तर, ही आणखी एक भीती होतीच.

दोन दिवस तो भक्तनिवासात पडून राहिला. धबधब्याला फाल्गुनात कसलं पाणी, नुसता ओला कडा. पण त्याखाली बसून त्यानं हनुमानचालीसा इतक्यांदा म्हटली की पुजाऱ्यालाही संशय आला. मंगळवारी सकाळी तोंड धुऊन वळतो, तर चारही बाजूंनी चौघे उभे.

"चला, दाजी," त्यातला थोराड होता तो म्हणाला. "लई पळवलंत राव."

हनुमानानं देवळाच्या खांबाला मिठी मारली. "मी खुलासा छापलाय! अजून एक छापतो! पहिल्या पानावर छापतो, चौकटीत छापतो! मला काय करू नका, घरी बायको हाय!"

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. "कसला खुलासा बे?" एकानं दुसऱ्याला विचारलं. "मला काय ठाव?" दुसरा म्हणाला. "दाजी, आठ दिस झाले तुमच्यापायी घरचं जेवलो न्हाई. आता गुमान बसा गाडीत."

त्यांनी त्याला खांबापासून सोडवला, उचलला आणि जीपमध्ये मधोमध बसवला. गेवराईच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी चहा पाजला, वर बिस्कीटचा पुडा दिला, वारा घातला. दाजी म्हणून अदब इतकी की हनुमानाची उरलीसुरली आशा गेली. फाशी द्यायच्या आधी माणसाला असंच खाऊपिऊ घालतात, हे त्यानं वाचलं होतं. बिस्कीट गिळेना, तरी भीतीनं त्यानं पुडा संपवला.

जीप शेवगेवाडीच्या फाट्यावर वळली तेव्हा हलगीचा आवाज आला. वेशीत सगळं गाव जमलेलं. पोरं रंगानं माखलेली. आणि मधोमध, शिंगांऐवजी कानांना फुगे बांधलेलं, पाठीवर गोधडी टाकलेलं एक गाढव. गाढवाच्या शेजारी हनुमानाचा धाकटा मेहुणा सोमनाथ हातात डबा-ब्रश घेऊन दात काढत उभा.

धुळवड! जावयाची मिरवणूक! गावच्या कुठल्यातरी जावयाला धरून आणायचं, तोंड रंगवायचं, चपलांचा हार घालून गाढवावरून फिरवायचं आणि मग मारुतीच्या पारावर नवा आहेर नि सोन्याची अंगठी द्यायची, ही रीत. जावयानं लपायचं आणि गावच्या पोरांनी हुडकायचं, ह्यातच सगळी गंमत. शेवगेवाडीनं ती सहा वर्षं भाऊबंदकीपायी बंद ठेवली होती, ती औंदा पुन्हा सुरू केली, आणि पहिला मान नव्या जावयाचा. माप कपड्यांचं, दोरा अंगठीचा, फोन आणि जीप गावच्या पोरांची, नंबर जावयाला ओळखू येऊ नये म्हणून काढलेला. सगळ्या जिल्ह्याच्या बातम्या गोळा करणाऱ्या पत्रकाराला स्वतःच्या सासुरवाडीची बातमी तेवढी लागली नव्हती.

हनुमान आधी हसला. मोठमोठ्यानं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. लोकांना वाटलं, जावई भलताच हौशी आहे. त्याला उचलून गाढवावर बसवला, तोंडाला काळं फासलं, हार घातला, हलगी कडाडली. आणि गाढवानं पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा त्याचं हसू थांबलं. त्याला कुणीच धमकी दिली नव्हती. एकानंसुद्धा नाही. मग तो खुलासा त्यानं कुणासाठी छापला?

गर्दीतून योगिता वाट काढत आली, मैत्रिणींसोबत हसत. त्याचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. "काय झालं हो?"

"मला वाटलं, ही जीप वाळूवाल्यांची हाय."

तिला उमगायला क्षणभर लागला. "म्हणून ते छापलंत?" तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मला वाटलं तुमी जावयावानी लपताव. अन मी हसत बसले. मी हसत बसले हो!" तिचे डोळे भरून आले, आणि मिरवणूक पुढं सरकली.

मारुतीच्या पारावर आहेर द्यायला प्रमुख पाहुणे बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, गॉगल. विजयसिंह बापू. हनुमानाला गाढवावरच बसवून ठेवून बापूंनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि माईक हातात घेतला.

"ह्या पत्रकाराचा मला लई अभिमान हाय," बापू म्हणाले. "आमच्याविरुद्ध कायतरी छापून आलतं म्हणं. खरं सांगतो, मला तर कळलंबी न्हवतं. ह्यांचा खुलासा वाचला तवा कळलं. चूक झाली तर चूक म्हणणारा माणूस आजकाल मिळतो कुठं? पत्रकार असावा तर असा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चपलांचा हार गळ्यात होता त्याचं हनुमानाला काहीच वाटलं नव्हतं, पण ती शाल खांद्यावर पडली आणि त्याला मान वर करवेना. बापूंनी बातमी वाचलीसुद्धा नव्हती. मनकर्णाबाईचा कागद फाटला, तो फक्त हनुमानाच्या भित्रेपणामुळं.

"आता जावयांनी उखाणा घ्यायचा!" सोमनाथ ओरडला आणि माईक त्याच्या तोंडापुढं आला. शेदोनशे मोबाईल वर झाले. हनुमानाच्या दोन्ही मांड्या गाढवाच्या पोटाशी थडथडत होत्या, गाढवानंही कान वळवून मागं बघितलं. त्यानं एकदा योगिताकडं बघितलं. ती रडत होती. आणि तो बोलला. आवाज कापत होता, पण माईकवर कापरा आवाजही मोठाच येतो.

"गोदेच्या पात्रात खड्डे खोल वीस-वीस हात, अकरा मेंढरं बुडाली, हीच खरी बात. खुलासा माझा खोटा, भ्यालतो मी लई, योगिताचं नाव घेतो, लिवलेलं पुसणार न्हाई."

पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाया खिदळल्या. मग पुढच्या रांगेतल्यांना अर्थ लागला आणि हसू मागं मागं सरकत बंद झालं. हलगीवाल्याचा हात थांबला. बापूंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच राहिलं, जरा जास्तच वेळ. "शिमगा हाय, चालायचंच," ते म्हणाले, अंगठीची डबी सोमनाथच्या हातात दिली आणि जेवायला न थांबता गाडीत जाऊन बसले. त्यांच्या गाडीला नंबर होता, पुढंही आणि मागंही.

आता खरं भ्यायचं कारण हनुमानाला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं, ते अर्धंच. शटर कमरेपर्यंत वर. रस्त्यावर गाडी थांबली की तो खाली वाकून टायर बघायचा. कानामागं काळा रंग अजून निघाला नव्हता. अशात शटरखालून टायरच्या वहाणा आत आल्या.

"तू भ्यालतास म्हणं," मनकर्णाबाई म्हणाली. "बंकटनं मोबाईलात दाखवलं."

"अजून भेतोय, मावशी," तो म्हणाला. खोटं बोलायची ताकदच राहिली नव्हती. "दाराशी मांजर वाजलं तरी पोटात गोळा येतो."

"मग मी काय भेत न्हाई व्हय?" म्हातारी म्हणाली. "माझं नाव छाप म्हणले, त्या दिसापासून मेंढरं पाण्याला नेताना सारखं मागं बघत जाते. दोन कुत्री हायेत, तरी बघते. चल, तलाठ्यानंबी मोबाईलात बघितलं, पुन्यांदा कागद करतो म्हणलाय. बघितलेला साक्षीदार लागतोय."

हे हनुमानाच्या मनातच कधी आलं नव्हतं. कपाळावरचं हे मोठं कुंकू, मोठ्या अक्षरात लिही म्हणणारी बाई, ही भिते? त्यानं पाच मिनिटांत तिचं नाव लिहून घेतलं होतं आणि मग स्वतःचा जीव घेऊन कपाटामागं बसला होता.

त्यानं शटर पूर्ण वर केलं, बाहेर आला आणि पुन्हा खाली ओढून कुलूप लावलं. दोघं रस्ता ओलांडून तहसीलात गेले. तलाठ्यानं कागद पुढं सरकवला. मनकर्णाबाईनं अंगठा उमटवला तो जरा फरफटला. मग पेन हनुमानाच्या हातात आलं, तेही थरथरायला लागलं.

"काय, थंडी वाजती का दोघांला?" तलाठ्यानं विचारलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

हनुमानानं सही केली. नाव वाचता येईल असं खाली पुन्हा लिहिलं. आणि कुणी मागितला नसताना, त्याच्याखाली आपल्या घराचा पूर्ण पत्ता लिहिला.